जुनं ड्रॉइंग परत द्या

सकाळी ७:४५

पुण्याच्या पश्चिमेला आमचे तीन टॉवर उभे राहतायत. त्यातल्या ए टॉवरचा चौदाव्या मजल्याचा स्लॅब आज भरायचा आहे. पंप अकराला सुरू होणार म्हणून सेंटरिंगवाले, फिटर, इलेक्ट्रिशियन सगळे सकाळीच वर चढलेत. मी या साइटची डॉक्युमेंट कंट्रोलर. काँक्रीटला मी हात लावत नाही, पण ते कोणत्या कागदावरून ओतलं जातंय याचा जाब मला द्यावा लागतो.

केबिनमध्ये पोचल्यावर आधी मेल उघडते. रात्री ११:४० ला आरसीसी कन्सल्टंटच्या ऑफिसमधून ड्रॉइंग आलंय: चौदाव्या मजल्याचे बीम, रिव्हिजन आर३. साइटवर सध्या आर२ चालू आहे. मेलमध्ये एकच ओळ: ‘सोबत सुधारित ड्रॉइंग पाठवत आहोत.’ मेल साइट इंजिनिअर, प्रोजेक्ट मॅनेजर, फिटर कॉन्ट्रॅक्टर अशा सगळ्यांना गेलाय. म्हणजे आठच्या आत हा आर३ कुणाच्या तरी मोबाइलवरून स्लॅबवर पोचू शकतो.

ड्रॉइंग मेलवर आलं याचा अर्थ ते मिळालं, एवढाच. त्यावरून काम करायची परवानगी अजून मिळालेली नसते. ती जीएफसी, म्हणजे ‘बांधकामासाठी मंजूर’, या शिक्क्याने मिळते. म्हणून बदल कुठे दाखवलाय ते बघून ग्रुपवर पहिला मेसेज टाकते: ‘आर३ तपासणीत आहे. जीएफसी शिक्क्याशिवाय वापरू नये. बी-१७ बीमच्या भागात सूचना येईपर्यंत थांबा.’

सकाळी ८:२०

आता आर३ ची नोंदणी. आमच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइल चारांपैकी एका अवस्थेत असते. एखादं ऑफिस स्वतःपुरतं करत असलेलं काम, बाकीच्यांना बघायला दिलेलं, बांधकामासाठी मंजूर झालेलं आणि मुदत संपून संग्रहात गेलेलं. ही रचना आयएसओ १९६५० या मानकातली. त्याचे पहिले दोन भाग २०१८ मध्ये आले, त्यांच्या मुळाशी आधीची ब्रिटिश मानकं होती. मानक पुस्तकात जाडजूड दिसतं. साइटवर त्याचा अर्थ सोपा आहे: फाइल कुठे ठेवली आहे यावरून ती वापरायची की नाही हे कळलं पाहिजे, कुणाला फोन करून विचारावं लागता कामा नये.

नोंदणीत ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन, तारीख, कुणी काढलं, कुणी तपासलं आणि बदल कशाचा हे सगळं टायटल ब्लॉकशी ताडून बघते. आर३ च्या रिव्हिजन नोंदीत लिहिलंय, ‘बी-१७ ची खालची सळई बदलली.’ बदललेल्या जागेभोवती क्लाउड काढायचा असतो, तो बी-१७ भोवती आहे. इथवर सगळं नीट.

तरीही आर२ आणि आर३ एकमेकांवर ठेवून बघते. सॉफ्टवेअर जुनं लाल दाखवतं, नवं हिरवं, आणि दोन्हीत सारखं असेल ते काळं. बी-१७ वर लाल-हिरवं दिसणारच होतं. पण लिफ्टच्या बाजूच्या डक्टचा कटआउटही हिरवा झालाय, १५० मिलिमीटर कॉलमकडे सरकलेला. त्याभोवती क्लाउड नाही, नोंदीत उल्लेख नाही.

बदल मुद्दाम केला असेल तर नोंदीत का नाही? आणि चुकून झाला असेल तर नेमकं कोणतं ड्रॉइंग चुकीचं? यावर मी अंदाज बांधत नाही, तो माझा अधिकारही नाही. प्रश्नपत्र तयार करते, साइटवर त्याला आरएफआय म्हणतात. दोन्ही ड्रॉइंगचे तुकडे शेजारी लावले, दोन प्रश्न विचारले, उत्तर कधीपर्यंत हवं ते लिहिलं: आज १०:३०. कारणही लिहिलं: ११ ला कास्टिंग.

सकाळी ९:१०

साइट इंजिनिअर केबिनमध्ये येतो. पोरगा नवा, हुशार, घाईत.

“मॅडम, बी-१७ मध्ये तीन सोळाऐवजी तीन वीस आहेत ना? मग लावून टाकू का? कटआउटचं उत्तर येईल तेव्हा येईल.”

“वीसच्या सळया यार्डात कापून, वाकवून ठेवा. बांधू नका.”

सोळा आणि वीसमध्ये चार मिलिमीटरचा फरक दिसतो, पण सळईचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. तीन सोळा म्हणजे सुमारे ६०३ चौरस मिलिमीटर लोखंड, तीन वीस म्हणजे ९४२. दीडपटीहून जास्त. वजनाचा हिशेब कुठल्याही फिटरला तोंडपाठ असतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२. सोळाची सळई मीटरला १.५८ किलो, वीसची २.४७. एका ग्राहकाने फ्लॅटमधली भिंत सरकवून मागितली, तिचं वजन आता बी-१७ वर येतंय. आर२ प्रमाणे स्लॅब भरला असता तर आज, उद्या, वर्षभर कुणाला काही दिसलं नसतं.

साइटवरचा धोका बहुतेक वेळा असा असतो. चुकीचं ड्रॉइंग तसं लवकर पकडलं जातं, कारण ते कशाशीच जुळत नाही. जुनं ड्रॉइंग मात्र सगळ्याशी जुळतं. त्यावर सही असते, शिक्का असतो, कालपर्यंत त्यावरूनच काम चाललेलं असतं. त्यात चुकीचं एवढंच की त्याची वेळ गेलेली आहे, आणि ते कागदावर कुठेही दिसत नाही.

सकाळी ९:३०

म्हणून मी वर जाते. आर२ च्या पाच छापील प्रती दिल्या होत्या, रजिस्टरमध्ये पाच सह्या आहेत. नवं ड्रॉइंग वाटायला पोरगा पाठवला तरी चालतं. जुनं परत मागायला मात्र मी स्वतः जाते, कारण हातातला कागद कुणी सहज सोडत नाही.

फिटर फोरमन सोलापूरकडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांची प्रत चार घड्या घालून खिशात, घामाने मऊ झालेली, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली.

“ताई, हे घेऊन गेलात तर माझं सगळं जाईल. रिंगांचं अंतर, लॅप कुठे घेतला, सगळं यावर लिहिलंय.”

“मामा, खुणा नव्यावर उतरवून देते. पण हे माझ्याकडे हवं.”

“नवं आलं कुठे अजून?”

बरोबर विचारलं त्यांनी. नवं हातात न देता जुनं काढून घेतलं तर माणूस आठवणीवर काम करतो, आणि ते तर जुन्या ड्रॉइंगहून वाईट. म्हणून त्यांच्या प्रतीवर बी-१७ आणि कटआउटभोवती लाल चौकट काढून ‘होल्ड’ लिहिलं, तारीख-वेळ घातली, दोघांनी सह्या केल्या. बाकीच्या स्लॅबवर काम चालू ठेवता येतं.

साइट इंजिनिअर, क्वालिटी आणि सेंटरिंगवाले यांच्या प्रती मिळाल्या. तिथेही हाच शेरा मारला. पाचवी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाकडे होती आणि तो बी टॉवरवर गेला होता. त्याला फोन केला. म्हणाला, “मॅडम, माझ्या मोबाइलमध्ये फोटो आहे, कागद चौकीत असेल.” कागद चौकीत सापडला. त्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी मजुरांच्या हजेरीचा हिशेब केलेला. तोही घेतला. मोबाइलमधला फोटो त्याने माझ्यासमोर पुसला, पण त्याआधी तो किती जणांना पाठवला होता हे त्यालाही सांगता आलं नाही.

सकाळी १०:३५

उत्तर आलेलं नाही. पोअर कार्डवर सगळे रकाने भरत आलेत: सेंटरिंगचे टेकू, लेव्हल, कव्हर ब्लॉक, कन्ड्युट, स्लीव्ह. ‘चालू रिव्हिजन’ हा माझा रकाना कोरा आहे. तो कोरा असताना क्वालिटीची सही होत नाही, आणि त्या सहीशिवाय आरएमसी, म्हणजे तयार काँक्रीटच्या, प्लांटला गाडी भरायला सांगता येत नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांचा आवाज चढलेला. त्यांचीही अडचण खरी आहे. पंप भाड्याचा, माणसं वर ताटकळलेली, संध्याकाळी पावसाची शक्यता. पण भरलेली गाडी गेटवर उभी करून ठेवणं त्याहून महागात पडतं. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४९२६ प्रमाणे, गाडी भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरलं पाहिजे. त्यांनी प्लांटला फोन करून गाड्या थांबवल्या. मग कन्सल्टंटला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून आवाज आला, “हो हो, कटआउट जुन्या जागीच ठेवा, करा सुरू.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सर, हेच त्यांना दोन ओळींत लिहून पाठवायला सांगा. ड्रॉइंगसकट.”

फोनवरच्या होकाराचं काय होतं याचं उदाहरण बांधकामाच्या अभ्यासक्रमांत शिकवतात. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ ला लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ रचनेत छतापासून निघणारा एकच सलग रॉड दोन्ही पूल पेलणार होता. पोलादी सुटे भाग बनवणाऱ्यांनी सोयीसाठी एकाचे दोन रॉड केले: वरचा पूल छताला, खालचा पूल वरच्या पुलाला. त्याने वरच्या पुलाच्या जोडावरचा भार जवळपास दुप्पट झाला. बदल दाखवणाऱ्या ड्रॉइंगवर मंजुरीचा शिक्का बसला, पण नवं गणित कुणीच केलं नाही. बदलाला फोनवर संमती घेतली होती, असं एक बाजू म्हणाली. तसा फोन आलाच नाही, असं दुसरी. चौकशीत मूळ रचनाही नियमाहून कमजोर निघाली. तरी बदल कुणी, कधी आणि काय तपासून मान्य केला याचं उत्तर देणारा एक कागद असता, तर त्या जोडाचं गणित पूल उभे राहण्याआधी कुणाच्या तरी टेबलावर आलं असतं.

सकाळी ११:२०

ड्रॉइंग आलं. आर४. सोबत आरएफआयचं लेखी उत्तर: बी-१७ आर३ प्रमाणे, कटआउट आर२ प्रमाणे, आर३ मागे घेतलं. कारणही प्रामाणिकपणे दिलंय. त्यांच्या ड्राफ्ट्समनने आर३ काढताना मागे आर्किटेक्टचा जुना बेस वापरला होता, त्यात डक्ट सरकलेला होता. म्हणजे मुदत संपलेली फाइल आमच्या स्लॅबवर नव्हती, त्यांच्या ऑफिसात होती, आणि ती नव्या रिव्हिजनचा नंबर लावून आमच्याकडे आली. सगळ्यात शेवटचं ड्रॉइंग सगळ्यात बरोबर, असं समजून कुणी आर३ घेऊन वर गेलं असतं तर नव्या कागदाबरोबर जुनी चूक भरली असती.

आर४ पुन्हा आर२ वर ठेवून तपासलं. लाल-हिरवं बी-१७ वरच. जीएफसी शिक्का, पाच प्रिंट, प्रत्येकावर क्यूआर कोड. मोबाइलने तो स्कॅन केला की ‘चालू’ किंवा ‘रद्द’ एवढंच दिसतं. मामांच्या पेन्सिलीच्या खुणा क्वालिटीच्या मुलीने बसून नव्या प्रतीवर उतरवल्या. त्यांनी त्या निरखून पाहिल्या, मगच जुनी प्रत दिली. पाच दिल्या, पाच घेतल्या.

दुपारी १२:५०

बी-१७ मध्ये वीसच्या सळया बसल्या, फोटो घेतले, प्रत्येक फोटोच्या नोंदीत ग्रिड आणि रिव्हिजन टाकलं, माझी सही झाली. पहिली गाडी आली तेव्हा ठरलेल्या वेळेला जवळपास दोन तास उलटून गेले होते.

आजचं काँक्रीट साधारण १४० घनमीटर, एम-३०. आयएस ४५६ प्रमाणे पहिल्या पन्नास घनमीटरला चार नमुने आणि पुढच्या प्रत्येक पन्नासाला किंवा त्याच्या भागाला एक, म्हणजे सहा. प्रत्येक नमुन्याचे १५० मिलिमीटरचे तीन क्यूब, आणि सात दिवसांच्या चाचणीसाठी जादाचे वेगळे. क्यूबवर रंगाने नंबर लिहितात. तो नंबर, गाडीचं चलान, ग्रिड आणि ड्रॉइंगचं रिव्हिजन मी एकाच नोंदीत जोडते. अठ्ठाविसाव्या दिवशी एखादा क्यूब कमी ताकदीचा निघाला तर चौदाव्या मजल्याचा कोणता कोपरा तपासायचा हे तेव्हा पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे. नाहीतर अख्ख्या स्लॅबवर संशय येतो.

दुपारी १:४०

डबा.

दुपारी २:१५

ऑनलाइन समन्वय बैठक. मुंबईहून सर्व्हिसेसवाले, आर्किटेक्टकडून एक जण, आमच्याकडून मी आणि बिलिंग इंजिनिअर. स्क्रीनवर पोडियमचं त्रिमितीय मॉडेल. सॉफ्टवेअरने टकरींची लांबलचक यादी काढलीय, पण बहुतेक किरकोळ: पाइपचं इन्सुलेशन छताला टेकतंय, एकच टक्कर दहा वेळा मोजली गेलीय. कामाच्या टकरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक गंभीर: ११० मिलिमीटरची ड्रेनेजची लाइन ६०० मिलिमीटर खोल बीममधून आरपार. लाइनला उतार हवा, म्हणून ती वर घेता येत नाही. खाली घेतली तर पार्किंगची उंची जाते.

नागपूर मेट्रोच्या कामात महा-मेट्रोने त्रिमितीय मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडून पाच मितींची पद्धत वापरली. तिची चर्चा आमच्या क्षेत्रात बरीच झाली. आमचा प्रकल्प त्यापुढे लहान, पण नियम तोच. मॉडेल टक्कर दाखवतं, सोडवत नाही. प्रत्येक टकरीपुढे एक नाव आणि एक तारीख नसेल तर पुढच्या आठवड्यात तीच यादी पुन्हा वाचली जाते. आज बीमच्या टकरीपुढे सर्व्हिसेसवाल्यांचं नाव लागलं, शुक्रवारची तारीख. आणि मी एक प्रश्न विचारला, तो दर बैठकीत विचारते: “तुमच्या मॉडेलच्या मागे आर्किटेक्टचं कोणतं रिव्हिजन आहे?” दोघांची उत्तरं वेगळी आली. पंधरा मिनिटं त्यातच गेली, पण आजच्या सकाळनंतर मला ती वाया गेली असं वाटत नाही.

दुपारी ४:००

बिलिंग इंजिनिअर बी-१७ चं वाढलेलं लोखंड विचारायला आला. बार बेंडिंग शेड्यूल अजून आर२ वर होतं. त्याला आर४ दिलं, जुनं शेड्यूल संग्रहात टाकलं. खरेदीवालेही तेच वापरतात. त्यांच्याकडे जुनं राहिलं असतं तर वरच्या मजल्यासाठी पुन्हा सोळाच्याच सळया आल्या असत्या, कारण ती भिंत वरच्या फ्लॅटमध्येही सरकणार आहे.

भिंतीवरून आठवलं. ग्राहकाची लेखी मागणी शोधून आर४ च्या नोंदीला जोडली. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे मंजूर नकाशातला ज्या त्या फ्लॅटमधला बदल त्या खरेदीदाराच्या संमतीशिवाय करता येत नाही. इमारतीच्या किंवा सामायिक भागांच्या नकाशात बदल करायचा तर किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी पूर्वसंमती लागते. त्याच कलमात आहे की ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनेचा दोष निघाला तर विकासकाने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पाच वर्षांनी आमच्यातले निम्मे लोक दुसऱ्या साइटवर असतील. तेव्हा उत्तर द्यायला ही नोंदच उरणार.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ जीव गेले. त्यानंतर डेम ज्युडिथ हॅकिट यांच्या अहवालाने मागितलेल्या गोष्टींपैकी एक होती: उंच निवासी इमारतींची माहिती रचनेपासून वापरापर्यंत सलग, ताजी आणि हाताशी राहिली पाहिजे. पुढे २०२२ च्या ब्रिटिश बिल्डिंग सेफ्टी कायद्याने ती जबाबदारी नेमून दिली. इमारतीत राहणाऱ्याला आपल्या भिंतीवर काय लावलंय, हे विचारायचा हक्क आहे, आणि कुणीतरी ते लिहून ठेवलेलं असावं लागतं.

संध्याकाळी ५:१५

शेवटच्या दोन गाड्या उतरतायत. मी सर्व्हरवरच्या परवानग्या तपासते. प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर गेल्या आठवड्यात काम सोडून गेला, त्याचं लॉगिन अजून चालू होतं. ते बंद केलं. नव्या सुपरवायझरला फक्त मंजूर झालेल्या फाइली दिसतील असं ठेवलं. तो म्हणाला, “ताई, सगळं बघता आलं असतं तर बरं झालं असतं.” त्याला समजावलं की अर्धवट फाइल बघून केलेल्या कामाचं बिल कुणी देत नाही. हे त्याला लगेच पटलं.

मग सकाळचा तो मोबाइलमधला फोटो. कुठे कुठे पोचलाय हे मोजता येत नाही, म्हणून साइटच्या तिन्ही ग्रुपवर आर२ आणि आर३ ची छोटी चित्रं टाकली, वर ‘रद्द’ असं आडवं लिहून. नवं ड्रॉइंग मात्र मुद्दाम ग्रुपवर टाकलं नाही, क्यूआरचा दुवा दिला. आज टाकलेलं आर४ उद्या आर५ आलं की पुन्हा तसंच कुणाच्या तरी फोनमध्ये फिरत राहील.

संध्याकाळी ६:५०

स्लॅब भरून झाला, पाऊस आला नाही. रात्रपाळीचा इंजिनिअर रेनकोट घेऊन आला, बी टॉवरला रात्री कॉलम भरायचे आहेत. तो वही उघडून उभा.

“मॅडम, नवीन काय आलंय ते सांगा, लिहून घेतो.”

“नवीन नंतर. आधी रद्द काय झालं ते लिहा.”

त्याने तारीख टाकली आणि लिहायला लागला: चौदावा मजला, बीम, आर२ आणि आर३.